लाईट गेली तरी चालू राहिलेला कॅमेरा

आमच्या वहिनीनं बारावीचा फॉर्म भरला तो माझ्याच आग्रहावरून. गावातल्या अंगणवाडीच्या ताई निवृत्त व्हायला आल्या होत्या. त्यांच्या जागी येणारी बाई गावातलीच पाहिजे आणि बारावी पास पाहिजे, एवढं मला कुठून तरी कळलं होतं. वहिनी दहावी झालेली. तिचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात ती लग्न होऊन आमच्या घरात आली. मी तेव्हा सहावीत असेन. शाळेतून घरी आलो की माझं मराठीचं पुस्तक तिच्या हातात जायचं. एका हातानं चुलीत लाकूड सारायचं, दुसऱ्या हातात पुस्तक. धडा संपल्याशिवाय ते मला परत मिळत नसे.

आई लवकर गेली होती. त्यामुळं माझा डबा, माझे कपडे, माझी दुखणी-खुपणी सगळी वहिनीकडंच होती. मी परभणीला आयटीआय करत होतो तेव्हा सकाळच्या पहिल्या एसटीच्या आधी माझा डबा भरून दारात ठेवलेला असायचा. तिच्यासाठी आपण काहीतरी करावं असं फार दिवस मनात होतं. फॉर्मचा विषय काढला तेव्हा ती आधी हसली. लेक आठवीत आहे, तिच्या बरोबरीनं मीही दप्तर घेऊन बसू का, म्हणाली. दादा ऐकून शेताकडं निघून गेला. पण दोन दिवसांनी त्यानंच मला विचारलं, की वहिनीचे पासपोर्ट फोटो काढायला गंगाखेडला कधी नेतोस. त्यावरून मी ओळखलं की त्याची ना नाही.

ती अभ्यासाला बसायची दुपारी, शेतातून आल्यावर, ओसरीत खांबाला टेकून. इंग्रजीनं तिला बेजार केलं होतं. मी शब्द उच्चारून दाखवायचो, ती त्याच्याखाली मराठीत लिहून ठेवायची. अर्थशास्त्र मात्र तिला आवडायला लागलं. मागणी-पुरवठ्याचा धडा वाचून झाल्यावर म्हणाली, "हे तर आपल्या कोथिंबिरीचंच लिहिलंय की." त्या विषयात तिला माझी गरज पडली नाही.

माझं गंगाखेडला छोटं दुकान आहे. कॅमेरे बसवणं, इंटरनेटची जोडणी, असली कामं. सुरुवातीला मी जे कॅमेरे बसवायचो त्यांना दोन वायरी लागायच्या, एक चित्राची आणि एक करंटची. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ बोर्ड पाहिजे, बोर्डात अॅडॉप्टर पाहिजे. लाईट गेली की कॅमेरा बंद. आमच्या स्वतःच्या गोठ्यावर मी असाच एक लावला होता. आमच्याकडं लाईटचं जाणं-येणं चालूच असतं. लाईट गेली की वहिनी चुलीपुढून ओरडून सांगायची, "भाऊजी, तुमचा राखणदार झोपला बगा." कॅमेऱ्याबद्दल तिला जे काही माहीत होतं ते त्या गोठ्यावरच्या कॅमेऱ्यावरून.

पुढं नेटवर्क केबलवर चालणारे कॅमेरे आले. इंटरनेटला वापरतात तीच केबल. आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या. केबलचं एक टोक स्विच नावाच्या पेटीत, दुसरं टोक कॅमेऱ्यात. पेटी त्या केबलमधून कॅमेऱ्याला करंट देते आणि कॅमेरा त्याच केबलमधून चित्र परत पाठवतो. आम्ही धंद्यातली माणसं त्याला पीओई म्हणतो. कॅमेऱ्याजवळ बोर्ड नको, भिंत फोडायला नको. सगळ्यात मोठी सोय म्हणजे त्या एका पेटीला बॅटरी लावली की सगळ्या इमारतीची लाईट गेली तरी एकही कॅमेरा बंद पडत नाही. पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा मी दुकानाचं मेन स्विच पाडलं. पंखा थांबला, ट्यूब विझली, आणि समोरचा कॅमेरा चालूच. मला इतका आनंद झाला की शेजारच्या चहावाल्याला बोलावून मी ते पुन्हा करून दाखवलं.

त्या हिवाळ्यात परीक्षा केंद्रांवर कॉपी होऊ नये म्हणून वर्गावर्गात कॅमेरे बसवायची गडबड सुरू होती. गंगाखेडपासून जरा आत असलेल्या एका शाळेचं काम मला मिळालं. मुख्याध्यापक कडक पण भला माणूस. वर्गात पुरेसे बोर्ड नव्हते, जे होते त्यातले निम्मे जळालेले. मी म्हणालो, सर, बोर्डाची गरजच नाही. व्हरांड्याच्या तुळईवरून केबली ओढल्या, त्यांच्या खोलीतल्या कपाटाशेजारी स्विचची पेटी, चित्र साठवणारं मशीन आणि पडदा बसवला, आणि या सगळ्यांसाठी खाली एक बॅटरी ठेवली. काम नीट झालं. आजवर मी केलेल्या कामांत ते सगळ्यात चांगलं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

घरी जेवताना मी ते सगळं सांगत होतो. वहिनी भाकरी थापत ऐकत होती. करंट आणि चित्र एकाच वायरीतून जातं, हे ऐकून तिनं विचारलं, की मग ती वायर हाताला लागली तर शॉक बसतो का. मी सांगितलं, नाही, फार थोडा करंट असतो, कॅमेऱ्यापुरता. मग लेकीनं काहीतरी विचारलं, दादानं उसाच्या तोडीचा विषय काढला, आणि बॅटरीचं सांगायचं राहून गेलं. मी मुद्दाम लपवलं नाही. ते कधी तिच्या कामाचं ठरेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

हॉल तिकीट आलं तेव्हा तिचं केंद्र तीच शाळा होती. तिला बरंच वाटलं. ओळखीचं कुणीतरी जवळ असेल, म्हणाली. कारण मुख्याध्यापकांनी मला परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या खोलीत, पडद्यासमोर बसायला सांगितलं होतं. यंत्रणा नवीन, ऐनवेळी काही बिघडलं तर माणूस हवा. माझी वहिनी याच केंद्रावर परीक्षेला आहे, हे त्यांना सांगावं असं माझ्या डोक्यात येऊन गेलं. मग वाटलं, सांगितलं तर ते दुसऱ्या कुणाला बसवतील, पुढचं कामही त्यालाच जाईल. शिवाय वहिनी काही कॉपी करणारी बाई नव्हती. सांगण्यासारखं होतं तरी काय, अशी मी माझी समजूत घातली.

मी तिला मोटारसायकलवरून न्यायचो आणि शाळेच्या अलीकडच्या वळणावर उतरवायचो. उगीच कुणी बोलायला नको म्हणून. तीही काही विचारायची नाही. पदर सावरून, पॅड छातीशी धरून पुढं चालायला लागायची.

पहिले पेपर सुरळीत गेले. इंग्रजीच्या पेपराहून येताना पास होण्याइतकं लिहिलंय, एवढंच ती म्हणाली. तिच्या शेजारच्या ओळीत एक नवी लग्न झालेली पोर बसायची, तिच्याबद्दल ती घरी सांगायची. पोरीचं बाळ अजून अंगावर पीत होतं. सासू ते बाळ घेऊन फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहायची आणि पेपर सुटला की पोर धावतच जायची. "सासूनं बसवलंय तिला परीक्षेला," वहिनीनं मला कौतुकानं सांगितलं. "अशी सासू मिळायला नशीब लागतं."

अर्थशास्त्राच्या पेपरला भरारी पथक आलं. पथकातले साहेब वर्गांतून एक फेरी मारून मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. त्यांना कुठं काही सापडलं नव्हतं. चहा आला. मी कोपऱ्यात पडद्यासमोर बसलो होतो. पडद्यावर सगळे वर्ग लहान लहान चौकटींत दिसत होते. वहिनीचा वर्ग कोणत्या चौकटीत आहे ते मला माहीत होतं, आणि तिकडं माझं लक्ष वरचेवर जायचं. ती मान खाली घालून भराभर लिहीत होती. ते बघून मला बरं वाटत होतं.

साहेबांनी चहा संपवला, ते उठले, पुढच्या केंद्रावर जायचं म्हणाले. तेवढ्यात लाईट गेली. खोलीतला पंखा थांबला. साहेब दारातच थांबून मुख्याध्यापकांना म्हणाले, आता तुमचे कॅमेरेही गेले म्हणायचे.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीतून उठून म्हणालो, "नाही साहेब, एकही गेला नाही. या, बघा."

साहेब परत आत आले. मी त्यांना पेटी दाखवली, बॅटरी दाखवली, करंट केबलमधूनच कसा जातो ते सांगितलं. त्यांना ते नवीन होतं. पडद्याजवळ येऊन ते खाली वाकून बघायला लागले. बाहेरून चिठ्ठ्या येऊ नयेत म्हणून रस्त्याकडच्या खिडक्यांना पत्रे ठोकले होते, त्यामुळं वर्गांत अंधार दाटला होता. अंधार झाला की हे कॅमेरे काळंपांढरं चित्र द्यायला लागतात. एकेक चौकट रंग सोडून काळीपांढरी होत गेली. साहेब म्हणाले, कमाल आहे. मला त्या शब्दाचा अभिमान वाटला, हे मी नाकारू शकत नाही.

वाकलेले असतानाच त्यांनी एका चौकटीवर बोट ठेवलं. "हा जरा मोठा कर."

तो वहिनीचा वर्ग होता. पर्यवेक्षक हवेसाठी दारात जाऊन उभे होते, त्यांची पाठ वर्गाकडं. वहिनीनं आपली उत्तरपत्रिका बाकाच्या कडेला सरकवली होती, आणि त्या पोरीच्या बाजूला ती तिरपी करून धरली होती. लिहिलेलं पान वर. तिचा हात त्यावर पंख्यासारखा पसरलेला नव्हता, जसा मुलं झाकायला ठेवतात. तो बाजूला काढून घेतलेला होता.

"मागं घे," साहेब म्हणाले.

मी मागं घेतलं. त्यांना सापडेना, तर मीच माऊस हलवून बरोबर त्या क्षणापाशी आणून थांबवलं. लाईट गेली, वहिनीनं मान वर करून छताकडं बघितलं, मग कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि नंतर तिचा हात हलला. मी कुणाला पकडून देतोय, हे मला पूर्ण कळत होतं. तरी हात सवयीनं चालत राहिला. नवीन मशीन आहे, मला मागं घेता येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी साहेब कदाचित निघून गेले असते. ही माझी वहिनी आहे, असंही म्हणता आलं असतं. त्यानं काही बदललं नसतं, पण निदान तिच्या बाजूला कुणीतरी उभं राहिलं असतं. मी यातलं काहीच म्हणालो नाही.

साहेब वर्गाकडं गेले. मी पडद्यावर बघत राहिलो. ते आत आले, वहिनी उभी राहिली, तिनं उत्तरपत्रिका दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली, घरी पाहुण्याला ताट द्यावं तशी. शेजारची पोर उभी राहिली तेव्हा तिला काय चाललंय ते समजतच नव्हतं. आमच्या त्या यंत्रणेत आवाज नव्हता. फक्त माणसं हलताना दिसत होती.

दोघींना जबाब द्यायला मुख्याध्यापकांच्या खोलीत आणलं. मी कोपऱ्यात बसलो होतो. वहिनीनं मला बघितलं आणि नजर काढून घेतली, जशी अनोळखी माणसावरून काढतात. साहेबांनी तिला विचारलं, हे किती वेळ चाललं होतं, त्या मुलीनं मागितलं होतं का. वहिनी शांतपणे म्हणाली, "तिनं मागितलं न्हाई. तिनं बघितलं बी न्हाई. मीच सरकवला पेपर. जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

पोर रडायला लागली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोघींना पाणी द्यायला सांगितलं. पण जे दिसलं ते दिसलं, आणि त्यांना ते लिहावंच लागलं. वहिनीनं सही केली आणि ती बाहेर गेली. पाण्याचा ग्लास मी तिच्या हातात दिला होता. "राहू द्या, दादा," असं म्हणून तिनं तो तसाच टेबलावर ठेवला. भाऊजी नाही, दादा! मी तिचा कुणी नाही, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळावं म्हणून. माझं काम जाऊ नये म्हणून.

पेपर सुटल्यावर मी वळणावर गेलो तर ती बाभळीच्या सावलीत बसलेली होती. पॅड मांडीवर. मी गाडी थांबवली, ती मागं बसली. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या. त्यांना ओलांडत आम्ही निघालो. मग तिनं मागून विचारलं, "लाईट गेली होती ना, भाऊजी?"

"हो."

"मग?"

मी गाडी चालवत, समोर बघत तिला सांगितलं. कॅमेऱ्याला वेगळी लाईट लागत नाही, करंट त्याच केबलमधून येतो. केबल मुख्याध्यापकांच्या खोलीत जाते, तिथं बॅटरी आहे. वर्गाची लाईट गेली तरी त्याला कळतसुद्धा नाही. ज्या शब्दांत मी साहेबांना सांगितलं होतं तेच शब्द होते. दुसरे मला सुचले नाहीत.

"असं व्हय," ती म्हणाली.

थोड्या वेळानं ती आपणहून बोलली. पंखे बंद पडले तेव्हा वर्ग एकदम शांत झाला, आणि बाहेरचं बाळ रडताना ऐकू यायला लागलं. आधी पंख्यांच्या आवाजात कुणाला ऐकू येत नव्हतं. पोरीनं पेन खाली ठेवलं. तिच्या झंपरवर ओल दिसायला लागली. ती नुसती पत्रा ठोकलेल्या खिडकीकडं बघत बसली. "तिचं आता पुढचं लिहून होत न्हाई, असं वाटलं मला. म्हणलं दोन वळी बघून उतरवंल आन् लवकर सुटंल. बाकी काय बी न्हाई."

मी म्हणालो, वहिनी, पडद्यासमोर मीच होतो. मीच मागं घेऊन दाखवलं.

"दिसलं की मला," ती म्हणाली. "तुमचं कामच हाय ते."

तिनं ते टोचून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिला ते खरंच तसंच वाटत होतं.

घरी दादानं ऐकून घेतलं. नसती उठाठेव कुणी सांगितली होती, असं तो तिला एकदा म्हणाला आणि बैलं सोडायला गेला. मला तो काहीच बोलला नाही. नंतर लेकीकडून कळलं, की वहिनीनं त्याला आधीच बजावलं होतं, भाऊजींना काही म्हणायचं नाही, त्यांच्या हातात काही नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडं गेलो आणि नातं सांगितलं. त्यांनी हातातलं हजेरीपुस्तक मिटलं. मग म्हणाले, हे आता सांगून काय उपयोग, प्रकरण वर गेलं. आणि पुढं म्हणाले, की त्या दिवसाच्या चित्रीकरणाची प्रत चौकशीला पाठवायची आहे, ती तूच काढून दे.

ती प्रत काढायला मी एकटाच त्या खोलीत बसलो. जुनं चित्रीकरण काही आठवड्यांनी आपोआप पुसलं जातंच, ते आत्ताच पुसता आलं असतं. मशीनमध्ये काहीतरी बिघाड झाला, एवढं म्हणायची खोटी, मला कुणी विचारलं नसतं. माझा हात पुसायच्या बटणापर्यंत गेलाही. पण साहेबांनी स्वतः बघितलेलं होतं, मुख्याध्यापकांनी बघितलेलं होतं, आणि चित्र गायब झालं तर संशय त्यांच्यावर आला असता. खरं सांगायचं तर मी माझ्या धंद्यालाही भ्यालो. कोणती भीती मोठी होती ते मी आजही ठरवू शकत नाही.

प्रत काढताना मी लाईट जाण्याआधीपासूनचं सगळं बघितलं. लाईट गेल्यावर पोर खिडकीकडं वळली ती वळलेलीच राहिली. वहिनीचा पेपर तिच्या हाताशी होता, पण तिनं एकदाही तिकडं तोंड फिरवलं नाही. वहिनीनं जबाबात सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. मागितलेला तुकडा छोटाच होता. मी त्याच्या आधीचा आणि नंतरचा सगळा भाग त्यात घातला, आणि मुख्याध्यापकांना सांगितलं की सर, हे सगळं पाठवा. त्यांनी पाठवलं.

चौकशीला परीक्षा बोर्डाच्या कार्यालयात जायचं होतं. परभणीहून रेल्वेनं आम्ही तिघं गेलो, दादा, वहिनी आणि मी. ती पोर आणि तिची सासूही आली होती, बाळाला घेऊन. बाकड्यावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. सासूनं वहिनीचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. पोरीला आधी बोलावलं. आत चित्रीकरण लावलं होतं, असं ती बाहेर आल्यावर म्हणाली. तिनं बघितलं नाही हे त्यांना दिसलं. तिचा निकाल इतरांसारखाच लागणार होता.

वहिनीचा निकाल रद्द झाला आणि पुढच्या एका परीक्षेलाही तिला बसता येणार नव्हतं. आत तिला कुणी रागावलं नाही, म्हणाली. एका बाईंनी विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं का कॅमेरा आहे? वहिनी म्हणाली, माहीत होतं, पण लाईट गेली म्हणून मला वाटलं तो बंद आहे. हे ऐकून त्या बाई जरा हसल्या. परतताना स्टेशनवर मला हे सांगतानाही वहिनी हसली. मी तोंड फिरवून प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. गाडीला वेळ होता.

अंगणवाडीची जागा त्या वर्षीच भरली. आमच्याच गल्लीतली एक सून लागली, चांगली आहे. पहिल्या दिवशी पोरं रडून तिला आवरेनात, तेव्हा वहिनीच जाऊन बसली होती त्यांच्यात. मी ते रस्त्यावरून बघितलं. पोरं तिच्याभोवती गोळा झाली होती आणि ती त्यांना गोष्ट सांगत होती. मला गाडी तिथून लवकर पुढं काढावी लागली.

माझं मात्र त्या प्रकरणानंतर बरं चाललं. लाईट गेली तरी कॉपी पकडणारे कॅमेरे, अशी माझ्या कामाची ओळख झाली. मुख्याध्यापकांनीच चार ठिकाणी शब्द टाकला. सोनपेठ, पालम, पूर्णा, कुठून कुठून फोन येतात. बोलावणारे मला कौतुकानं विचारतात, की तुमच्याच कॅमेऱ्यात ती बाई सापडली ना? मी हो म्हणतो. ती कोण होती हे सांगायला तोंड उघडत नाही. केबलीची टोकं सोलताना, आठ तारा रंगाप्रमाणे ओळीनं लावताना हात नेहमीसारखे चालतात. पण काम संपवून बॅटरी जोडली आणि मालकानं हौसेनं मेन स्विच पाडून बघितलं, की पंखे थांबतात, सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत मी काहीतरी ऐकू येईल म्हणून उगीच कान देतो.

एक बदल मी केला. आता कुठंही काम केलं की तिथं काम करणाऱ्या, राहणाऱ्या सगळ्यांना गोळा करून सांगतो, की हे लाईट गेल्यावरही चालू असतं, अंधारातही दिसतं. एका दुकानदारानं मला विचारलं, नोकरांना कशाला सांगता, मग उपयोग काय. मी म्हणालो, सांगितल्याशिवाय मी बसवत नाही. त्यानं मग दुसऱ्याला बोलावलं. वहिनीला याचा आता काही फायदा नाही.

बंदीची परीक्षा गेल्यावर वहिनी पुन्हा बसली. या वेळी केंद्र दुसरं होतं आणि तिथले कॅमेरे माझे नव्हते. ती पास झाली. अर्थशास्त्रात तिला सगळ्यात जास्त मार्क पडले. दादानं गल्लीत पेढे वाटले. मी तिच्या पाया पडलो, तेव्हा तिनं नेहमीसारखाच पाठीवर हात ठेवला. गावात आता कुठली जागा निघणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आता तिनं घरी राहून बी.ए. करायचं घेतलंय. त्या पोरीनंही घेतलंय. दुपारी दोघी फोनवर बोलतात, एक धडा वाचते, दुसरी ऐकते, मग उलट. अडलं तर त्या एकमेकींना विचारतात. पोरीची सासूही मधूनच काहीतरी बोलते आणि तिघी हसतात. मी कधी दुकानातून लवकर आलो तर ओसरीवरून ते ऐकू येतं. मला बघितलं की वहिनी उठते, पाणी आणून देते, आणि फोनवरचा आवाज जरा कमी करते. मुद्दाम करत नसेल. पण पुस्तकातलं काही विचारायला ती माझ्याकडं येत नाही, आणि मीही विचारत नाही की कुठला धडा चाललाय. पाणी पिऊन मी ग्लास आत नेऊन ठेवतो आणि मागच्या दारानं गोठ्याकडं जातो.